भिडेचा तुकडा

दादाने सकाळी ओसाकाच्या उमेदा स्टेशनवर बाबांची पिशवी हातात घेतली आणि तो जो सुटला, तो थांबेचना. किल्ला, मग होडी, मग मनोरा, मग जेवण, मग बाबांची परतीची बस. ओसाकाची माणसं भरभर चालतात म्हणतात, पण हा पळत होता. आणि का पळतोय ते मला, वहिनीला, बहुतेक बाबांनाही ठाऊक होतं.

शिकोकू बेटाच्या किनाऱ्यावरचं बाबांचं भाड्याचं घर महिनाअखेरीला पाडणार होते. आई गेल्यापासून ते एकटेच. ते आता राहणार कुठे, एवढंच आज ठरवायचं होतं. "बाबांना ओसाका दाखवू, तेव्हा बोलू," असं दादाच फोनवर म्हणाला होता.

मला तर लगेच विचारायचं होतं. पण थोरला तो. त्याच्याआधी मी तोंड उघडलं तर त्याची मान खाली जाणार, आणि वहिनीला वाटणार, सानाएने मुद्दाम केलं. म्हणून मी गप्प.

किल्ल्यात बाबा लिफ्टसमोर उभे राहिले. "लिफ्ट? मग शत्रूला वर यायला कसला त्रास?"

"बाबा, चला, मागे रांग आहे," दादा म्हणाला.

वर गेल्यावर मला वाटलं, आता बोलेल. त्याने फोटो काढले. होडीत वाटलं, आता तरी. तो वहिनीला पुलांची नावं सांगत बसला, आणि ती जन्माची ओसाकाची! मला त्याला पाण्यात ढकलावंसं वाटलं.

दोतोंबोरीच्या खाऊगल्लीत उभ्याउभ्या ताकोयाकी खाल्ली, म्हणजे ऑक्टोपसचे गरम गोळे. नेहमीप्रमाणे एक उरला.

"बाबा, घ्या."

"नको, मित्सुएला दे."

"अगंबाई, माझं पोट भरलं," वहिनी म्हणाली. "सानाए, तू घे."

"दादाला द्या."

आमच्याकडे भिडेपोटी शेवटचा घास कोणी उचलत नाही. त्याला नावसुद्धा आहे, भिडेचा तुकडा. गोळा गार झाला. वहिनीने तो कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला. बाबा त्या पर्सकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

मनोऱ्याखाली बाबा बाकावर टेकले. "मी इथेच बसतो. तुम्ही या बघून."

"आम्ही रोजच बघतो, बाबा!" मी जरा जोरातच म्हणाले. माझा राग दादावर होता, निघाला त्यांच्यावर. ते उठले आणि निमूट चालू लागले. मला फार वाईट वाटलं.

शेवटी जेवायला बसलो. टेबलातच तवा, त्यावर कोबीचं जाड धिरडं, ओकोनोमियाकी, चरचरत होतं. बाबांनी उलथण्याने त्याचे नीट भाग केले. तरुणपणी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे, हात अजून तसाच. खाल्लं. दादा घड्याळ बघत होता. तव्यावर एक तुकडा राहिला.

"बाबा, घ्या ना," दादा म्हणाला.

"तू घे."

"सानाए?"

मी मान हलवली. तुकड्याची कड काळी पडायला लागली. वास सुटला. चौघंही त्याच्याकडे बघत होतो.

बाबांनी वाकून गॅस बंद केला. "गावाबाहेर वृद्धाश्रम आहे. खोली बघून आलोय. खिडकीतून समुद्र दिसतो." मग जरा थांबून म्हणाले, "सही नाही केली अजून. म्हटलं, आधी एकदा ओसाकाला जाऊन यावं."

म्हणजे सकाळपासून हा माणूस वाट बघत होता. किल्ल्यावर, होडीत, त्या बाकावर.

दादाने घड्याळ बाहीत झाकलं. वहिनी ओल्या रुमालाची घडी घालत राहिली.

मी तो तुकडा उचलला. सरळ हाताने. बोटं पोळली, जीभ पोळली, आणि भरल्या तोंडाने म्हणाले, "माझ्याकडे चला."

"सानाए!" वहिनी म्हणाली. तुकड्याबद्दल की दुसऱ्या गोष्टीबद्दल, कोण जाणे.

"मी विचारणारच होतो," दादा पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते.

"माहितेय रे," बाबा त्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "भाजलं ना? आधी पाणी पी."

मी प्यायले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते काही जिभेमुळे नव्हतं.

"तुझ्या त्या दोन खोल्यांत मावेन का गं मी?"

"नाही मावणार," मी म्हटलं. "तरी या."

दादा बसची वेळ झाली म्हणून उठला, पिशवी उचलली, आणि परत खाली बसला. बाबांनी उलथणं घेतलं, तव्याला चिकटलेला करपलेला कोबी सावकाश खरवडला आणि कोणालाही न विचारता तोंडात टाकला.