बेचाळिसाव्या पानावरच्या खुणा

"अगं, सेनापती आणि घोड्याला घाबरतो!" पुडीकाकूंना हसू आवरेना. "राजकन्येसमोर ऐटीत निघाला, घोडा शिंकला, आणि स्वारी थेट गवताच्या गंजीत!"

दवाखान्याच्या औषधखोलीत दुपारच्या सुट्टीत हे रोजचंच. काकू तीस वर्षं त्या खिडकीमागे औषधं देत होत्या; कागदाच्या पुड्या बांधण्याच्या काळापासूनच्या, म्हणून हे नाव. डबा संपला की कादंबरी उघडायची. राजवाडे, रुसवेफुगवे, भिंतीवरून उड्या टाकणारे राजपुत्र. तलवारी असत, पण रक्त सांडत नसे. "दिवसभर लोकांची दुखणी ऐकायची," त्या म्हणत, "देवानं घटकाभर हसायला दिलं, तर नको कशाला म्हणू?"

"आणि मग राजकन्या त्या घोड्यालाच मुजरा करते!" धाकटी नर्स म्हणाली.

काकू थबकल्या. "तिथवर मी अजून आलेच नाही. तू वाचलंयस हे?"

"मी कुठली वाचतेय! तुम्हीच सांगितलंत की, गेल्या आठवड्यात. त्याच्या आधीही एकदा." नर्सला वाटलं, काकू थट्टाच करताहेत.

काकूंनी बेचाळिसावं पान काढलं. या कादंबऱ्यांची नावं एकासारखं दुसरं. वाचलेलंच पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून वाचनालयातल्या बायका एका ठरलेल्या पानावर आपापली खूण करत. कुणाचं फूल, कुणाची चांदणी. काकूंचा चिमुकला खलबत्ता. पुस्तक घेताना ते पान बघायचं, हेसुद्धा या वेळी राहून गेलं होतं.

कोपऱ्यात खलबत्ते होते. तीन, एकाखाली एक. पहिला फिकट, तिसऱ्याची पेन्सिल अजून काळीभोर.

गोष्टीतलं मात्र एक अक्षर ओळखीचं नव्हतं.

खिडकीवर टकटक झाली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चिठ्ठी पुढे केली, हृदयाच्या गोळ्यांची. काकूंचा हात सवयीनं फळीकडे गेला आणि तिथेच अधांतरी राहिला. तीस वर्षं हा हात न बघता चालला. वाट चुकला असेल, तर सांगणार कोण? हात का कधी साक्ष देतो?

"तू वाच," बाटली काढून नर्सपुढे ठेवत त्या म्हणाल्या. "चिठ्ठी वाच, मग बाटली वाच."

"बरोबर आहे, काकू."

"आज आहे."

गृहस्थ गेले. काकूंनी खिडकी लावून घेतली. बाहेर रांगेत कुरकुर सुरू झाली. त्या तशाच डॉक्टरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं.

"अहो, गोष्ट विसरली म्हणून कुणी औषध विसरतं का?" डॉक्टर हसले. "वय झालं की व्हायचंच. मला रोज चष्मा सापडत नाही."

"तुमचा चष्मा कुणी गिळत नाही, डॉक्टर." काकू म्हणाल्या. "खिडकीवर दुसरं माणूस बसवा. आत्ता."

डॉक्टरांचं हसू मावळलं.

खिडकीवर दुसऱ्या विभागातली बाई आली. काकू आणि नर्स मागच्या टेबलावर महिन्याभराच्या चिठ्ठ्या घेऊन बसल्या. प्रत्येक चिठ्ठीची प्रत दवाखान्यात राही आणि काय दिलं, ते काकू खाली स्वतः लिहीत. वरचं डॉक्टरांचं अक्षर, खालचं काकूंचं. नर्स दोन्ही ताडून बघे आणि "बरोबर" म्हणे. बरोबर. बरोबर. गठ्ठा अर्धा झाला. काकूंचे ओठ हलत होते. देवाचं नाव होतं की नुसतीच मोजदाद, कुणास ठाऊक.

मग नर्स बोलायची थांबली. तिनं ती चिठ्ठी हळूच उचलून दुसऱ्या चिठ्ठ्यांखाली सरकवली.

"काकू, बाकीच्या उद्या बघू या ना. दमलात तुम्ही."

"काढ ती."

"काकू..."

"काढ, बाळ. माझंच अक्षर आहे ना? मग लाजायचं ते मी." काकूंनी हात पुढे केला. चिठ्ठी वाचली. वरचं वाचलं, खालचं वाचलं, पुन्हा वरचं. औषधांची नावं जुळत नव्हती. तारीख नऊ दिवसांपूर्वीची होती.

"डॉक्टरांना बोलाव," त्या म्हणाल्या आणि चपलेत पाय घातला. "पत्ता चिठ्ठीवर आहे. मी त्या घरी पुढे होते."