पंचवीसचं भिंग

"याच्याहून जोरदार नाही का?" मास्तरांनी विचारलं.

दुकानातल्या बाईंनी काउंटरवर मऊ कापड अंथरून त्यावर भिंगं मांडली होती. दुर्बिणीला जिथं डोळा लावायचा तिथं बसवायची ही भिंगं, आयपीस म्हणतात त्यांना. मास्तरांनी त्यातलं सगळ्यात बारीक भोकाचं उचललं होतं आणि ते खाली ठेवायला ते तयार नव्हते.

"आत्ता तुमच्याकडे कुठलं आहे?"

मास्तरांनी खिशातून रुमाल काढून सोडला. आत दुर्बिणीच्या खोक्यातून आलेलं चार आकडा कोरलेलं भिंग होतं आणि त्याच्या अलीकडे बसवायची, चित्र दुप्पट करणारी नळी. "दोन्ही एकदम लावून बघितलं. काही धड दिसत नाही. म्हणून म्हटलं, आणखी जोर लावावा."

बाई हसल्या नाहीत. नवी दुर्बीण घेतलेली निम्मी माणसं हीच चूक करून त्यांच्याकडे येत असणार. "काका, जोर जास्त झालाय म्हणूनच दिसत नाही. चित्र जेवढं मोठं कराल, तेवढं ते अंधुक होतं. तिवईला नुसता धक्का लागला की भूकंप. आणि चंद्र पळून जातो ना?"

"पळतो! समोर आणेपर्यंत गेलेला असतो. मला वाटलं, माझाच हात गेला."

हात गेला असं म्हणणं मास्तरांच्या जिवावर आलं होतं. सगळा जन्म त्यांनी त्या हातावर काढला होता. यार्डातली उंच क्रेन ते चालवत. शिकवण्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता, पण हवेत लोंबकळणारा लोखंडी बोजा ते असा अलगद टेकवत की खालच्या माणसांनी त्यांना मास्तर करून टाकलं, आणि त्यांच्या बायकोला ओघानंच मास्तरीणबाई. बोजा झुलायला लागला की त्याला परत मधोमध आणायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की जेवताना ताटातली वाटी जरा कडेला गेली तरी ते ती सरकवून घेत. निवृत्तीच्या दिवशी यार्डातल्यांनी वर्गणी काढून दुर्बीण दिली. आयुष्यभर वरून खाली बघितलंत, आता खालून वर बघा, असं कोणीतरी भाषणात म्हणालं आणि सगळे पोट धरून हसले. त्या हसण्यात मास्तरीणबाईही होत्या. त्यांचं दुखणं तेव्हा कळलेलं नव्हतं.

आता त्या पलंगाला खिळल्या होत्या. औषधांचे दोन फेरे झाले होते. डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, की तिसरा फेरा देता येईल, पण त्यानं फार काही पदरात पडेल असं वाटत नाही, तुम्ही दोघं ठरवा. मास्तरीणबाई त्याच संध्याकाळी म्हणाल्या होत्या, "पुरे झालं आता." मास्तरांनी ते कानाआड केलं. दमलीय, म्हणून बोलतेय, असं स्वतःला समजावलं आणि सोमवारसाठी दवाखान्यात खाट सांगून ठेवली.

दुर्बीण बाहेर काढली तीही त्यांच्यासाठीच. "एवढी वर्षं वरून काय काय दिसतं ते सांगायचात. मला मेलीला एकदा तरी वर न्यायचं होतं," असं त्या सहज बोलून गेल्या होत्या. क्रेनवर बाहेरच्या माणसाला नेता येत नसे. पण चंद्र खाली आणता येईल, असं मास्तरांना वाटलं. काल संध्याकाळी त्यांनी खिडकीशी दुर्बीण लावली, होता नव्हता तेवढा जोर चढवला आणि बायकोला खांद्याला धरून दुर्बिणीपाशी आणलं. चष्मा भिंगाला आपटला. चष्मा काढला तर पापण्या घासल्या. मान अवघडून त्यांनी जरा वेळ आत बघितलं आणि मग उशीवर डोकं टेकत म्हणाल्या, "छान आहे हो." मास्तरांनी स्वतः डोळा लावला. आत नुसतं थरथरणारं करडं धुकं होतं. तिचं ते तोंडदेखलं छान त्यांच्या काळजाला लागलं.

"बघणार कोण? तुम्ही?" दुकानातल्या बाईंचा प्रश्न.

"मी... म्हणजे, बायको."

"चष्मा आहे त्यांना?"

"आहे."

"बसून बघणार की उभ्यानं?"

"पडून," मास्तर भिंगाकडे बघत म्हणाले.

बाईंनी मास्तरांच्या हातातलं भिंग हलकेच काढून घेतलं आणि मागच्या फडताळातून दुसरं आणलं. ते चांगलं जाडजूड होतं, त्याची काच बटणाएवढी रुंद होती आणि कडेला पंचवीस आकडा कोरलेला होता.

"पंचवीस म्हणजे जबरदस्तच असणार," मास्तर म्हणाले.

"उलटं असतं ते. आकडा मोठा, तर चित्र लहान. पण याला डोळा चिकटवावा लागत नाही, चष्म्यासकट आरामात दिसतं. आणि हा काटकोनी आरसा घ्या. दुर्बीण आकाशाकडे राहील, भिंग पलंगाकडे वळवता येईल. मान वाकवायला नको. डावं-उजवं तेवढं उलटं दिसेल."

"पण लहान म्हणजे केवढा दिसणार चंद्र?"

"अख्खा दिसेल. भोवती थोडं आकाशही."

"आकाश कशाला हवंय?"

"तो कुठं चाललाय ते कळायला," बाई म्हणाल्या आणि भिंग कापडात गुंडाळू लागल्या.

मास्तरांना ते फारसं पटलं नव्हतं. जास्त ते चांगलं, हा त्यांचा हिशेब. पण हात टेकलेला माणूस वाद घालत नाही.

संध्याकाळी त्यांनी पलंग खिडकीकडे ओढला आणि बायकोच्या पाठीशी घरातल्या सगळ्या उशा रचल्या. समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीच्या वर चंद्राची कोर दिसत होती. आकाश अजून पुरतं काळं झालं नव्हतं. काटकोनी आरशातून भिंग बरोबर मास्तरीणबाईंच्या चष्म्यासमोर आलं.

"मला इथून दिसणार नाही," मास्तर म्हणाले. "तू खूण कर, मी फिरवतो."

मास्तरीणबाईंच्या डोळ्यांत हसू आलं. त्यांचा आवाज आता दोन हातांपलीकडे पोचत नसे, पण खुणा त्यांना पाठ होत्या. लग्नाच्या नवलाईत मास्तर क्रेनच्या परीक्षेची तयारी करत, तेव्हा समोर उभी राहून इशारे देणारी हीच. बोट वर करून फिरवलं की उचल, खाली करून फिरवलं की उतरव. तळवा जमिनीकडे करून हात आडवा हलवला की थांब. बाकीचे इशारे नेमलेल्या माणसाचेच ऐकायचे. थांबचा इशारा मात्र कोणीही करो, अगदी चहा घेऊन आलेल्यानं केला तरी हात काढून घ्यायचा. का आणि कशासाठी, ते मागाहून विचारायचं. हा नियम मास्तरांनी कधीच मोडला नव्हता.

पांघरुणावर बोट फिरलं. मास्तरांनी तिवईची मूठ फिरवून दुर्बिणीची नळी उचलली. मग बोटानं डावीकडे दाखवलं.

"अहो, उलटीकडे चाललात."

"मी बरोबर चाललोय, तुला उलटं दिसतंय. दुकानातल्या बाईंनी सांगितलंय."

"आयुष्यभर हेच ऐकतेय," त्या पुटपुटल्या, आणि एकाएकी बोट हवेतच राहिलं.

"आला?"

"अगंबाई."

"काय दिसतंय? सांग ना."

"कडेला खड्डे आहेत. सावल्यांसकट. आणि..." त्यांनी श्वास घेतला. "उरलेला काळा भागही दिसतोय हो. अंधुक, पण दिसतोय. कोर कोर म्हणतो आपण. अख्खाच असतो की तो!"

मास्तर दुर्बिणीकडे बघतच नव्हते. ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते. कपाळावरची ती आठी, जी दुखण्यानं कायमची बसली होती, ती गेली होती.

"सरकतोय," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "कडेला चाललाय."

"थांब, आणतो परत मधे." मास्तरांचा हात मुठीवर गेला.

पांघरुणावरचा हात उचलला गेला. तळवा जमिनीकडे झाला आणि आडवा हलला.

मास्तर थबकले. "अगं, निघून जाईल तो."

"जाऊ दे. जाताना बघायचाय मला." डोळा भिंगावरून न हलवता त्या पुढं म्हणाल्या, "सोमवारी मला कुठं नेऊ नका."

"डॉक्टर म्हणाले होते की अजून एक..."

हात अजून तसाच वर होता. नुसत्या हाडांचा. त्यानं पुन्हा तीच खूण केली, सावकाश, समोरच्याला नीट दिसावी अशी.

सांगायला मास्तरांपाशी पुष्कळ होतं. त्यांनी मुठीवरची बोटं एकेक करून सोडली, पलंगाच्या कडेवर बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. काही न धरलेले ते हात त्यांना परक्याचे वाटत होते.

समोरच्या इमारतीत दिवे लागले. बायकोचा हात हळूहळू खाली आला आणि त्यांच्या गुडघ्यावर टेकला.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून," त्या म्हणाल्या. "थोडा आहे."