करमाफीची गाडी

अरुंधतीताईंच्या विजेवरच्या नव्या गाडीची टेकडीच्या गणपतीसमोर पूजा झाली, आणि रामदासपेठेतल्या त्यांच्या इमारतीत कौतुकाला ऊत आला. "रसायनशास्त्राच्या बाई आहेत. शिकवतात तसं वागतात," शेजारचे वामनराव ज्याला त्याला सांगत. ताई कसनुसं हसत.

गाडी घेण्याचं कारण साधं होतं. विजेच्या गाडीला रस्ता-कर माफ होता. जुनी डिझेलची गाडी भंगारात दिली असती, तर नव्या गाडीच्या करात सूट मिळाली असती. पण करच नाही तिथे सूट कशावर? मग भंगारात घालण्यापेक्षा त्यांनी ती महाल भागातल्या चंपतरावांना विकली. ते शाळेच्या मुलांची ने-आण करत.

त्या गाडीची धूर गाळणारी जाळी सारखी तुंबायची, म्हणून ताईंनीच ती मेकॅनिककडून काढून घेतली होती. विकताना हे ओठांवर आलं होतं. तिथेच राहिलं.

शेवटी न राहवून एका सकाळी त्या महालात गेल्या. गल्लीत गाडी घुरघुरत उभी होती. आत मुलं दाटीवाटीनं बसलेली. मागच्या सीटवरच्या एका मुलीनं नाकावर रुमाल धरला होता.

"या बाई! तुमची गाडी मस्त चालून राहिली!" चंपतराव म्हणाले.

"आधी इंजिन बंद करा."

"काहून? एकदा बंद केली का लवकर चालू नाही होत."

ताईंनी जाळीचं सांगितलं. "मीच काढायला लावली होती. हा धूर मुलांच्या छातीत जातो. नवी जाळी मी बसवून देते."

चंपतराव हसले. "त्यापेक्षा मले बी विजेची घेऊन द्या न! टॅक्स माफ आहे म्हणते. गाडी थोडीच माफ आहे?" मग त्यांनी सहज विचारलं, "पण बाई, घेतानाच काहून नाही सांगितलं?"

विसरले, असं म्हणता आलं असतं.

"सांगितलं असतं, तर तुम्ही घेतली नसती."

चंपतरावांचं हसू मावळलं. त्यांनी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. गल्ली एकदम शांत झाली.

"उतरा रे पोरांनो. आज पायी जाऊ."

"माझी गाडी नाक्यावरच आहे," ताई घाईनं म्हणाल्या. "मी सोडते सगळ्यांना."

"राहू द्या," एका पोराचं दप्तर खांद्याला अडकवत ते म्हणाले. या वेळी त्यांनी 'बाई' म्हटलं नाही.