सावलीचा न्याय

"सरळ उभा राहा, ओटबर्ट," न्यायाधीश म्हणाला. "सावली भिंतीवर नीट पडू दे."

ओटबर्टने चर्चच्या पांढऱ्या भिंतीपुढे वाकून सावलीला कुबड काढलं, तसं सगळं गाव पोट धरून हसलं. त्याच्या मुलीच्या लग्नात हेच गाव फिरत्या वादक विगंडच्या सारंगीवर तीन दिवस नाचलं होतं. चौथ्या दिवशी विगंड जेवायला बसला, तेव्हा दारू चढलेल्या ओटबर्टने त्याला उठून वाजवायला फर्मावलं. दोन घास खाऊ द्या, एवढंच विगंड म्हणाला. ओटबर्टने त्याचा डावा हात उंबऱ्यावर दाबून बुटाखाली चिरडला. तारा दाबायची तीन बोटं गेली, म्हणजे पोटच गेलं.

शेतकऱ्याची बोटं असती तर ओटबर्टला जबर दंड बसला असता. गावोगाव फिरणाऱ्या वादकाला मात्र कायदा गुन्हेगाराची सावली देतो. तिला एक तडाखा मारायचा आणि गावाबाहेर चालू पडायचं. कायदा करणाऱ्यांच्या अकलेला खरंच तोड नाही.

"मार की रे," ओटबर्ट म्हणाला. "जपून हं, भिंतीला लागेल."

विगंड समोरच्या दगडावर बसला. न्यायाधीशाने घाई केली, तेव्हा त्याने विचारलं, "धनी, मी मारेपर्यंत यानं हलायचं नाही ना?"

"नाही."

"आणि मारायचं कधी, ते सांगितलंय का कायद्यात?"

न्यायाधीशाने पंचांकडे पाहिलं. पंचांनी माना हलवल्या. कुठेच सांगितलं नव्हतं.

ऊन तापत गेलं. ओटबर्टचं कापलेलं गवत रानात वाळायला पसरलं होतं आणि पश्चिमेला ढग जमत होते. लोकांना आपापलं गवत आठवलं, तसे ते एकेक करून सटकले. ओटबर्टच्या बायकोने दोनदा निरोप धाडला.

"मार ना बाबा एकदाचं," ओटबर्ट शेवटी म्हणाला. "हात जोडतो."

विगंडला एवढंच ऐकायचं होतं. तो उठला, फडक्यात गुंडाळलेला हात सावलीच्या मानेपाशी नेला, क्षणभर धरला आणि न मारताच खाली घेतला. मग सारंगी खांद्याला अडकवून तो वेशीकडे निघाला.

"आता मी हलू का?" ओटबर्टने विचारलं.

न्यायाधीशाला ते ठाऊक नव्हतं.

वेशीपाशी सारंगीचा पट्टा घसरला. विगंडने डावा हात लावला, पण बोटं मिटेनात. त्याने पट्टा दातांत धरून वर ओढला आणि पुढे चालू लागला.