ट्रॉलीवरची शिडाची होडी

जयमालाबाई आमच्या दिवाळे गावात पहिल्यांदा आल्या त्या एकोणऐंशी साली. वाशीच्या नव्या वसाहतीतून, नवऱ्याच्या जीपमधून, काखेत कागदाची गुंडाळी घेऊन. त्यांना शिडाची छोटी होडी हवी होती. आत दोघांना झोपता येईल, स्टोव्ह मांडता येईल आणि ट्रॉलीवर चढवून जीपमागून कुठल्याही खाडीवर नेता येईल अशी. नकाशा त्यांनी स्वतः काढला होता.

माझा नवरा देवजी होड्या बांधायचा, पण कागद बघून कधीच नाही. माप सुतळीने घ्यायचं. एक टोक तो धरायचा, दुसरं मी, आणि गाठ मी मारायची. लग्नापासून तसंच चाललं होतं.

आता तो बाईंच्या शेजारी उकिडवा बसून नकाशा बघू लागला. डोलकाठी बिजागरीवर आडवी पडणार होती. तळाची मधली फळी दोरीने वर ओढली की होडी उथळ पाण्यातही चालणार होती आणि ट्रॉलीवर सपाट बसणार होती.

"आन् वाऱ्यात फळी खाली सोरली का होरी बाजूला सरकनार नाय," देवजी म्हणाला.

"तुम्हाला लगेच कळलं."

"तुमी काडलंयच तसा, बाय."

वीस वर्षांत माझ्या कुठल्याच कामाला तो असं म्हणाला नव्हता. मी चहाचे कप आदळले.

"साखर इसरलीस, पुतला," तो म्हणाला.

"कागदाव हाय का बग."

बाई हसल्या. त्याचाही मला राग आला.

होडी झाली. ट्रॉलीसाठी तळाची रुंदी बाईंनी टेपने घेतली, टेपचं टोक देवजीने धरलं. मग सवयीने त्याने सुतळीही ताणली. मी गाठ चार बोटं आत मारली. कागद आणि सुतळी जुळली नाहीत की तो कागदाला चूक म्हणेल, एवढंच माझ्या मनात होतं.

माप घेऊन देवजी तळोज्याच्या कारखान्यात ट्रॉली करायला सांगून आला. आठवड्याने ती आली. होडी तिच्यात बसेना. बाईंनी टेप लावला.

"कागदावर एकशेवीस सेंटीमीटर आहे देवजीभाऊ, ही एकशेतेरा भरते."

"कागद मी न्हेलाच नाय. सुतली न्हेली."

"का?"

"पुतलाची गाठ चुकत नाय. तुमीच कागद बगा परत."

बाई खाली बसून आकडे पुन्हा जुळवू लागल्या. त्यांचे कान लाल झाले होते. मला जे ऐकायचं होतं ते देवजी सगळ्यांसमोर बोलला होता, आणि मला तिथे उभं राहवेना.

"गाठ मीच आत मारली," मी म्हणाले. "मुद्दाम."

देवजीने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. बाई मात्र उठून पदर झटकत म्हणाल्या, "ट्रॉलीला चार बोटांचा जोड तर द्यायचा. उद्या जाऊ तळोज्याला. पुतळाताई, तुम्हीही चला."

दुसऱ्या दिवशी मी जीपमध्ये मागे बसून गेले. बाई वाटभर माझ्याशी गोड बोलत होत्या. एवढं सहज विसरणंही त्यांनाच जमावं, याने त्या दिवशी मी जितकी जळले तितकी नकाशावरूनही जळले नव्हते.