झेंडापंचाचे तीन पडदे

स्वस्तातलं कार्ड घेतलं गेलं तर सगळ्यात मोठा फायदा नाथाजीचा होता, आणि सांगलीच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात हे फक्त नाथाजीलाच ठाऊक होतं. म्हणून तो उंच स्टुलावर टेकला, टोपी मांडीवर ठेवली आणि काही न कळणाऱ्या माणसाचा चेहरा करून बसला. तसा चेहरा करायला त्याला फार कष्ट पडले नाहीत.

पलूसकडच्या बैलगाडी शर्यतीत नाथाजी झेंडापंच. शेवटच्या रेषेवर उभं राहायचं आणि पहिल्या आलेल्या गाडीकडे झेंडा झुकवायचा. आता शर्यत कमिटीने रेषेवर तीन कॅमेरे लावून तीन पडद्यांवर निकाल बघायचं ठरवलं होतं. त्यासाठी नवा कॉम्प्युटर जुळवून आणायला आपल्यातल्या तरुण वीरधवलला धाडलं, आणि सोबत थोरलं माणूस असावं म्हणून नाथाजीला. ज्याचा झेंडा जायचा त्यालाच खरेदीला पाठवण्याची अक्कल कमिट्यांनाच सुचते.

"दोन्ही ग्राफिक्स कार्डांना तीन मॉनिटर जोडता येतात," दुकानाची मालकीण समीक्षा म्हणाली. "फरक चालवताना कळतो."

"जोडता येत्यात नव्हं? मग इषय मिटला. स्वस्तातलं द्या, उरल्यालं मंडपाला हुईल." वीरधवल नाथाजीकडे वळला. "आबा, तुमी काय म्हंताय?"

"मला त्यातलं काय कळतंय रं," नाथाजी म्हणाला आणि मांडीवरची टोपी समाधानाने झटकली.

पण समीक्षाला लावून बघितल्याशिवाय विकायची सवय नव्हती. तिने रेकॉर्डिंग मागितलं. वीरधवलने खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

"गेल्या सालची फायनल हाय. तीन बाजूंनी धरल्याली, ह्यातच पडून ऱ्हायलीया. एकत्र लावून कुणी बघितलीच न्हाई."

नाथाजीची टोपी हातात तशीच राहिली. त्या फायनलला जतच्या धुळाची गाडी पलूसच्या गाडीमागे दुसरी आली होती. निदान झेंडा तरी तसं म्हणाला होता. धुळाने भांडण केलं नाही. पाखऱ्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून तो एवढंच म्हणाला, "नाथाजी, तुमचं डोळं गेलं." ते वाक्य मात्र चहाच्या प्रत्येक टपरीवर पोचलं होतं. तेव्हापासून नाथाजी सकाळी उठला की समोरच्या पाण्याच्या टाकीवरचं नाव एकेक डोळा झाकून वाचून बघायचा.

स्वस्तातल्या कार्डावर तिन्ही पडदे उजळले. गाड्या सुटल्या, धुरळा उठला, आणि ऐन रेषेवर डावीकडचं चित्र अडकलं. उजवीकडचं पुढे निघून गेलं.

तेवढ्यात मंडपवाल्याचा फोन आला. "तेच बसवा," म्हणत वीरधवल पायऱ्या उतरून रस्त्यावर गेला.

"काका, हे असंच होणार," समीक्षा म्हणाली. "डावीकडे एक गाडी, उजवीकडे दुसरी. दोन्ही चित्रं एकाच क्षणाला थांबली नाहीत तर पहिली कोण ते कळायचंच नाही."

नाथाजीने नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. शर्यतीच्या दिवशी यंत्र अडकलं असतं, लोकांनी कमिटीला चार शिव्या घातल्या असत्या आणि झेंड्याला हाक मारली असती.

"दुसरं लावून दाव की, पोरी," तो म्हणाला. "एकडाव."

दुसऱ्या कार्डावर तिन्ही चित्रं एका तालात पळाली. समीक्षाने बटण दाबलं, तशी तिन्ही जागच्या जागी थांबली. उजवीकडे पलूसच्या बैलाचं नाक रेषेवर. डावीकडे पाखऱ्याचं नाक रेषेच्या वीतभर अलीकडे. आणि मधल्या पडद्यावर धुरळ्यात उभा नाथाजी, झेंडा उजवीकडे कलू लागलेला.

"पुन्यांदा."

तिने पुन्हा दाखवलं. वीतभरच. नाथाजीने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला.

"बरोबर होता की तुमचा निकाल," समीक्षा म्हणाली. "गावात दाखवा हे."

नाथाजी पाखऱ्याकडे बघत राहिला. मान ताणून, चारी पाय हवेत टाकून आलेलं जनावर.

"माघात गेला त्यो," तो म्हणाला. "धुळा अजून समद्यास्नी सांगतो, माजा पाखऱ्या जिकला व्हता म्हनून. पुसून टाक ह्ये."

"नक्की?"

"टाक. आन कार्ड ह्येच बसीव. औंदा त्याचं नवं खोंड पळणार हाय. माज्या झेंड्यावर त्याचा इस्वास न्हाई. ह्या पडद्यांवर बसंल."

वीरधवल परतला तेव्हा महागातलं कार्ड बसलं होतं.

"आवं आबा, मग मंडप?"

"उनात बसू. आपुन काय लोणी हाय का वितळाय?"

"आन रेकॉर्डिंग?"

"पुसलं. नुसता धुरळा व्हता." नाथाजी समीक्षाकडे वळला. "तिन्ही पडदं एकदम थांबीवतं ते बटण कंचं, पोरी?"

तिने की-बोर्डवरची खालची लांब पट्टी दाखवली. त्याने ती दाबून बघितली, मग आणखी एकदा. परतीच्या गाडीत की-बोर्डचा खोका त्याने वीरधवलला दिला नाही. मांडीवर घेऊन बसला आणि पलूस येईपर्यंत पुठ्ठ्यावर, जिथे ती पट्टी असेल तिथे, अंगठा टेकवून राहिला.

कार्डाचं मोल कमिटीने भरलं. गेलेल्या सावलीचं बघ्यांनी उन्हात बसून भरायचं ठरलं. पाखऱ्याच्या विजयाचं कुणी भरलं, ते मात्र धुळालाही कधी कळायचं नव्हतं.