प्रत्येकाला वेगळं विचारा

"चिठ्ठ्या टोपीत टाका. नावं लिहू नका," ज्युरीचे प्रमुख अर्ल हचिन्स म्हणाले, तेव्हा खोलीतल्या बाकीच्या अकरा जणांना जरा धीर आला.

आरोप असा होता, की सेसिल रड याने काळ्यांच्या वस्तीतलं चर्च रॉकेल ओतून जाळलं. त्या चर्चमध्ये संध्याकाळी काळ्यांना मतदार म्हणून नाव नोंदवायला शिकवणारा वर्ग भरत असे. सेसिल हा शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचा, मेहुणा. मिसिसिपीच्या त्या काउंटीत अशा खटल्यात गोऱ्या माणसाला दोषी धरल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि ज्युरीत बाराही जण गोरे होते.

गुरांच्या खाद्याचा दुकानदार वेंडेल प्रुइट याने हाताचा आडोसा करून 'दोषी' असं लिहिलं.

"झाकतोस काय एवढं? शाळेत गणिताचा पेपर झाकायचास तसा!" शेजारचा न्हावी ड्यूई लॉट म्हणाला.

"तरी तू बघून लिहायचासच. आणि नापास व्हायचास."

सगळे हसले. पहिल्या फेरीत सात चिठ्ठ्या 'दोषी' निघाल्या. बराच वाद झाला. दुसऱ्या फेरीत बाराच्या बारा निघाल्या.

मग ड्यूईने हळूच विचारलं, "बाहेर कळणार नाही ना, कोण काय म्हणालं ते?"

"कसं कळेल? उभा राहून वाचणार मी एकटा," अर्ल म्हणाले. "आणि मला म्हाताऱ्याला कोण काय करणार? पोस्टातून रिटायर झालोय, आता काढून तरी कुठून टाकतील?"

न्यायालय भरलेलं होतं. वरच्या सज्जात काळी माणसं दाटीवाटीने बसली होती. खाली पहिल्याच बाकावर शेरीफ होता. अर्लनी निकाल वाचला. कुणी हललंसुद्धा नाही.

सेसिलचा वकील शांतपणे उठला. "जजसाहेब, ज्युरीतल्या प्रत्येकाला वेगळं विचारावं, अशी माझी विनंती आहे."

"तो आरोपीचा हक्कच आहे," जज म्हणाले. "नाव पुकारलं की उभं राहा. हा निकाल तुमचा आहे की नाही, ते सांगा. एकानेही नाही म्हटलं, तर हा निकाल नोंदवता येणार नाही."

अर्लचा चेहरा पांढरा पडला. असं काही असतं, हे त्यांना माहीतच नव्हतं.

एकेक जण उभा राहू लागला. शेरीफ प्रत्येकाकडे नीट बघून घेत होता. ड्यूई 'होय' म्हणाला ते बुटांकडे बघत.

"वेंडेल प्रुइट."

वेंडेल उठला. दुकान गावाबाहेर, लाकडी, आत छतापर्यंत वाळलेलं गवत. गल्ल्यावर बायको लुईझ एकटी. 'नाही' म्हणायलाही कायद्याची आडकाठी नव्हती. शेरीफ त्याच्याकडे बघून ओळखीचं हसला.

"होय," वेंडेल म्हणाला.

लघुलेखिकेने मान वर केली. "ऐकू आलं नाही."

"मिस्टर प्रुइट, जरा मोठ्याने," जज म्हणाले.

माघार घ्यायची तर अजून वेळ होती. वेंडेलने समोरचा कठडा धरला. 

"होय. माझाच निकाल आहे."

वर सज्जात कुणीतरी रोखून धरलेला श्वास सोडला. शेरीफचं हसू मावळलं. राहिलेल्यांनीही होकार दिला. निकाल नोंदवला गेला. जजनी ज्युरीचे आभार मानले आणि आता घरी जायला मोकळे आहात, असं सांगितलं. एकही जण जागचा उठला नाही. शेरीफ मात्र तेवढ्यात बाहेर पडला होता.

"गाडी कुठं लावलीयस?" ड्यूईने विचारलं.

"मागे."

"मग सगळे एकदमच निघू या."

"आधी दुकानात फोन करू दे."

कारकुनाच्या खोलीत फोन होता. वेंडेलने दुकानाचा नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजत राहिली. दुपारी दुकान सोडून लुईझ कुठे जात नसे.

"गिऱ्हाईक आलं असेल," दारातून ड्यूई म्हणाला.

"असेल," वेंडेल म्हणाला, आणि त्याने पुन्हा नंबर फिरवला.